जिच्यावाचून काही अडत नाही अशी तार

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातल्या एखाद्या छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागच्या स्क्रूला टेस्टर टेकवून बघा. ऑफिस नवी पेठेतल्या कर सल्लागाराचं असेल, होटगी रोडवरच्या क्लासचं असेल, किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचा एक कोपरा काच लावून वेगळा काढलेला असेल. टेस्टरमधला निऑन मिणमिणता लागला तर नवल वाटून घेऊ नका. तिथल्या लोकांनाही वाटत नाही. नव्याने लागलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात, "जरा झिणझिण्या येतात मॅडम, चप्पल काढू नका." वायरमनला विचारलं तर तो म्हणतो, "कॉम्प्युटर चालतंय की ओ, मग काय?"

त्याचं म्हणणं खोटं नाही, हीच पंचाईत आहे. कॉम्प्युटर चालायला दोन तारा पुरतात: वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. फेज तुटली की तो बंद पडतो, न्यूट्रल तुटली तरी बंद पडतो, आणि अर्ध्या तासात कुणीतरी फोन करून माणूस बोलावतं. तिसरी, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार तुटली तर काहीच होत नाही. स्क्रीन लागतो, प्रिंट निघते, जीएसटीचं रिटर्न भरून होतं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. ऑफिसातल्या उपकरणांची विद्युत सुरक्षा तपासणी करताना यादी मोठी असते, पण माझ्या मते त्यातलं निम्मं काम या एका तारेचा पाठपुरावा करण्याचं असतं. बाकीचे दोष स्वतः ओरडून सांगतात.

आधी त्या झिणझिण्या कुठून येतात ते पाहू. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डबीत, वीज आत शिरते त्या जागीच दोन छोटे कपॅसिटर असतात, बहुधा निळ्या चकतीसारखे. एक फेजपासून बॉडीकडे, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीकडे. एसएमपीएसच्या आतला वेगवान स्विचिंगचा गोंगाट लाइनवर जाऊ नये म्हणून ते बसवलेले असतात, आणि त्यांनी गोळा केलेला थोडासा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून साधारण ०.३४ मिलिअँपिअर वाहतो, २.२ नॅनोफॅरडचा असेल तर ०.१६. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. अर्थिंग असलेल्या अशा उपकरणांना मानक ३.५ मिलिअँपिअरपर्यंत गळतीची मुभा देतं.

अर्थिंगची तार तुटली की त्या प्रवाहाला जायला वाट उरत नाही. दोन सारख्या कपॅसिटरच्या मधोमध लटकलेली बॉडी मग २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. टेस्टर लागतो तो यामुळे. एका कॉम्प्युटरचा तिसरा हिस्सा मिलिअँपिअर माणसाचं काही बिघडवत नाही. अर्ध्या मिलिअँपिअरच्या खाली बऱ्याच जणांना तो जाणवतही नाही. पण कॉम्प्युटर एकटा नसतो. एक्स्टेंशन बोर्डावर त्याच्या शेजारी मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस बसलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या बॉड्या बोर्डातल्या हिरव्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. ती तार बोर्डाच्या पुढे, भिंतीकडे जाताना तुटलेली असली तर सगळ्यांची गळती एकत्र होते आणि ज्याचा हात आधी लागेल त्याच्यातून जाते. कॉम्प्युटर-मॉनिटरच्या एका जोडीचा पाऊण मिलिअँपिअर धरा. क्लासच्या लॅबमध्ये १५ जोड्या एकाच लाइनवर असतील आणि त्या लाइनची अर्थिंग मूळ बोर्डातच सुटलेली असेल, तर ११ मिलिअँपिअर झाले. १० च्या आसपास पोचल्यावर हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. लहान मुलांना त्याच्याही खाली. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवलेली असली तरी ११ ला ती हलणार नाही.

एवढं होऊनही प्रत्येक कॉम्प्युटर एकेकटा तपासला तर निर्दोष निघेल. म्हणून उपकरणांच्या आधी भिंतीवरचं सॉकेट तपासायचं. परदेशी पद्धतीची तपासणी वाचून आलेले लोक इथेच चुकतात. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कामाच्या जागेवरील वीजविषयक नियमांनंतर उपकरण-तपासणीची पद्धत रुळली. तिथे सॉकेटची अर्थिंग ठीक आहे हे जवळजवळ गृहीत असतं आणि प्रत्येक पिनमध्ये ३, ५ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो. आपल्या पिनमध्ये फ्यूज नाही. कॉम्प्युटरच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला संरक्षण काय, तर भिंतीमागची १० किंवा १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच. आणि अर्थिंग? ती आपापल्या अर्थिंगच्या खड्ड्याच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपाच्या, भरवशावर.

सोलापुरात तो खड्डा हा स्वतंत्र विषय आहे. वर काळी माती, पुष्कळ ठिकाणी ती हात-दोन हातच, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. पाऊस कमी, ऊन चाळिशीच्या वर. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि पाइपाभोवतीची माती पाइपाला सोडून मागे सरते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी मोजलेली अर्थिंग आणि मेमध्ये मोजलेली अर्थिंग यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. अर्थिंगचं भारतीय मानक आय.एस. ३०४३ पाइपासाठी किमान ३८ मिलिमीटर आतला व्यास आणि अडीच मीटर लांबी सांगतं. मुरमात पहार अडकली की कंत्राटदार पाइप तिथेच कापतो आणि वर सिमेंटचं झाकण बसवतो. झाकणाखाली किती पाइप आहे ते कोण बघणार? कोळसा आणि मीठ भरलेलं असलं तरी मीठ दरवर्षीच्या पाण्याबरोबर वाहून जातं आणि जाताना क्लॅम्पही गंजवून जातं. सगळ्यांत वाईट म्हणजे पार्किंगला पेव्हर ब्लॉक घालताना खड्डा गाडून टाकणं. मग उन्हाळ्यात आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओतायचं म्हटलं तरी ओतणार कुठे?

अर्थिंग कमजोर असण्याचा परिणाम नुसत्या झिणझिण्यांपुरता नसतो. समजा प्रिंटरच्या आत फेजची तार सुटून बॉडीला लागली, आणि जमिनीतून परतीच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम आहे. प्रवाह वाहणार २३ अँपिअर. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरवर ती मिनिटं-मिनिटं, कदाचित तासभरही तशीच राहील, आणि तोवर बॉडीवर धोकादायक व्होल्टेज असेल. हे काम एमसीबीचं नाहीच, आरसीसीबीचं आहे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला जमिनीचा रोध काही शे ओहम झाला तरी चालतं. सोलापूरच्या मे महिन्यात हीच एक वस्तू खरी राखण करते. नुसती एमसीबी पाहून "सेफ्टी बसवलीय" म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवावं.

तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण मात्र महिन्यातून एकदा दाबायला हवं. न दाबलेली आरसीसीबी आतून जाम होते. आणि एका आरसीसीबीवर किती कॉम्प्युटर बसवायचे तेही मोजूनच. ३० ची आरसीसीबी १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडायलाच हवी, अशी तिची बांधणी असते. गळतीची बेरीज १० च्या पुढे जाऊ दिली की उन्हाळी वादळात वीज जाऊन आल्यावर ती विनाकारण पडायला लागते. मग कंटाळलेला मालक वायरमनला सांगतो, आणि वायरमन तिला बायपास करतो. दोन आरसीसीबी घेऊन लाइन वाटून दिली असती तर ही वेळ आली नसती.

सॉकेटपाशी आणखी एक पाप सर्रास होतं: अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देणं. टेस्टर लागायचा बंद होतो, मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसतात, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली तर कॉम्प्युटरमधूनच फिरून आलेली पूर्ण फेज कॅबिनेटवर येते. पकडायचं कसं? न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज लोड चालू असताना मोजा. नीट वायरिंगमध्ये एक-दोन व्होल्ट असतात, लोड वाढला की थोडे वाढतात. चक्क शून्य दिसलं आणि लोड वाढवूनही शून्यच राहिलं, तर सॉकेट उघडून बघाच. उलट १०-१५ व्होल्ट दिसले तर न्यूट्रल कुठेतरी ढिली आहे किंवा अर्थ तरंगते आहे.

जुने वायरमन १०० वॅटचा टेस्ट लॅम्प फेज-अर्थमध्ये लावून बघतात. पद्धत तशी वाईट नाही, पण ती आकड्यात उतरवावी. लॅम्प साधारण ०.४३ अँपिअर घेतो. लॅम्प लावण्याआधी आणि लावल्यावर फेज-अर्थ व्होल्टेज मोजा. २३० चे २२१ झाले तर ९ भागिले ०.४३, म्हणजे २१ ओहम. लॅम्पच्या उजेडावर विसंबू नका. २०-२५ ओहमला डोळ्यांना फरक दिसत नाही. आरसीसीबी असेल तर ती अर्थातच पडेल; तिथे आरसीसीबी न पाडता वाटेचा रोध मोजणारा लूप टेस्टरच हवा. आणि एक गोष्ट कधी विसरायची नाही. अर्थ तुटलेली असेल तर हाच लॅम्प त्या तुटलेल्या तारेवर फेज सोडतो, आणि त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक कॅबिनेटवर, पाण्याच्या कूलरवर, फोटोकॉपी मशीनवर २३० व्होल्ट येतात. लॅम्प लावण्याआधी त्या लाइनवरच्या सगळ्या पिना उपटलेल्या हव्यात, आणि हे काम परवानाधारक माणसानेच करावं.

आता पिना आणि वायरी. बहुतेक दोष इथे असतात आणि तेही डोळ्यांना दिसतात, मशीन नंतर. घरी बसवलेला एखादा थ्री पिन टॉप उघडा. हिरवी तार फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे वायर ओढली गेली तर ती शेवटी सुटेल. बहुधा उलटं असतं: वरचं टर्मिनल लांब पडतं म्हणून हिरवीच ताणून बसवलेली असते, किंवा कापून इन्सुलेशनला मागे दुमडलेली असते, कारण सॉकेट दोन भोकांचंच होतं. मग तारेचं टोक पाहा. ०.७५ च्या लवचीक वायरीत ०.२ मिलिमीटरच्या २४ बारीक तारा असतात. सोलताना पकडीने त्यांतल्या पाच-सात कापल्या गेलेल्या असतात, दोन बाहेर उभ्या राहून शेजारच्या टर्मिनलकडे बघत असतात. काही कारागीर टोकाला सोल्डर लावून ते जाड करतात. दिसायला सुबक, पण सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत कनेक्शन ढिलं होतं. तार पिळून, दुमडून, किंवा लग (दाबून बसवायचं धातूचं टोक) लावून बसवावी. शेवटी वायर-पकड बघा: तिने बाहेरचं जाड आवरण धरलेलं हवं. आतल्या तीन रंगांच्या तारा पिनेच्या बाहेर दिसत असतील तर तिथेच नापास, मीटर काढायचं कारण नाही.

ढिल्या कनेक्शनने काय होतं याचंही गणित करावं. लेझर प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे कागदावर टोनर पक्का करणारा रोलर, तापताना हजार वॅट घेतो, म्हणजे ४.३ अँपिअर. पिनेत अर्धा ओहम ढिलेपणा असला तर तिथल्या तिथे ९ वॅट उष्णता. एवढ्याशा बंद डबीत ९ वॅट म्हणजे प्लास्टिक तपकिरी होणं आलंच. प्रिंटरवर वीस-तीस पानं काढून मेन स्विच बंद करावा आणि लगेच पिन उपटून तिच्या पितळेला हात लावावा. कोमट ठीक, धरवत नसेल तर सॉकेटच्या पट्ट्या ताण सोडून बसल्या आहेत. अशा वेळी फक्त पिन बदलून भागत नाही, सॉकेटही बदलायचं, नाहीतर जुनं सॉकेट नव्या पिनेलाही जाळतं.

पिनांची मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ६ अँपिअरच्या पिनेत फेज-न्यूट्रलचे खांब सुमारे ५.१ मिलिमीटर जाड आणि अर्थचा ७.१, १६ अँपिअरमध्ये ७.१ आणि ८.७. अर्थचा खांब जाड आणि लांब असतो, म्हणजे तो आधी लागतो आणि शेवटी सुटतो. युरोपातून आलेल्या उपकरणाच्या गोल पिना ४.८ मिलिमीटरच्या असतात. आपल्या सॉकेटात त्या आरामात जातात, कॉम्प्युटर चालतो, पण त्यांची अर्थ कडेच्या पट्टीवर असते आणि ती आपल्या सॉकेटात कशालाच टेकत नाही. सगळ्या देशांच्या पिना घेणारं 'युनिव्हर्सल' सॉकेट असलेला स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड याच जातीचा. त्यातल्या काहींत अर्थची पट्टी असते पण तिला तारच जोडलेली नसते. अमेरिकेतून कुणी नातेवाईक घेऊन आला तर त्या वायरीचे रंगही बघा: तिथे काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. पिन कापून आपली लावताना रंगावर भरवसा ठेवला की फेज उलटी पडते.

बाजारातल्या हलक्या पॉवर कॉर्डची परीक्षा लोहचुंबकाने होते. पिनेचा खांब चुंबकाला चिकटला तर तो पितळेचा नाही, पितळी मुलामा दिलेलं लोखंड आहे. अशी कॉर्ड बाहेरून जाडजूड दिसते, सगळी जाडी रबराची. आतल्या तारा केसासारख्या. काहींत तीन खांब असूनही आत तारा दोनच. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो: एका टोकाच्या अर्थपासून दुसऱ्या टोकाच्या अर्थपर्यंत बीप वाजते का बघा. चांगल्या ०.७५ च्या तारेचा रोध दर मीटर लांबीला २६ मिलिओहम, म्हणजे पावणेदोन मीटरच्या कॉर्डला ४६ मिलिओहमच्या आसपास.

पण बीपवर थांबू नका. २४ पैकी २३ तारा पिनेच्या मुळाशी तुटल्या आणि एक उरली, तरी तेवढ्या एका सेंटिमीटरमध्ये रोध फार तर ६ मिलिओहमने वाढतो. कुठलाही मल्टिमीटर ते दाखवणार नाही. म्हणूनच तपासणीच्या मशीनमध्ये अर्थ कंटिन्यूइटीला, म्हणजे अर्थची तार अखंड आहे का ते बघायला, २५ अँपिअर सोडायची सोय असते. ०.२ मिलिमीटरची एक तार सात-आठ अँपिअरलाच वितळते. तुटायची ती तपासणीतच तुटून जाते. निकष साधा: ०.१ ओहम अधिक कॉर्डचा स्वतःचा रोध. वरच्या कॉर्डसह कॉम्प्युटर असेल तर ०.१५ च्या खाली. मोजताना कॉर्डला दोन्ही टोकांशी वाकवून, पिळून बघायचं. आकडा नाचला की कॉर्ड बाद.

२५ अँपिअर मात्र वाटेल तिथे सोडू नका. मशीनचं टोक यूएसबीच्या किंवा एचडीएमआयच्या पत्र्याला लावलं तर मदरबोर्डवरचे केसभर जाडीचे ट्रॅक जळतील, आणि दोष कॉम्प्युटरचा म्हणून बिल तुमच्या नावावर फाटेल. टोक लावायचं एसएमपीएसच्या जाळीच्या स्क्रूला, रंग नसलेल्या ठिकाणी. रंगावर टेकवून "अर्थ नाही" असा शेरा मारलेले कॉम्प्युटर काही कमी नाहीत. जिथे मजबूत धातू सापडत नाही तिथे १०० ते २०० मिलिअँपिअरची सौम्य चाचणी घ्यावी. आणि त्याआधी व्हीजीए, एचडीएमआय, लॅन, प्रिंटरची वायर, सगळं काढून ठेवायचं. मॉनिटरची स्वतःची अर्थ तुटलेली असते, पण व्हीजीए वायरीच्या जाळीतून त्याला कॉम्प्युटरची अर्थ मिळत असते, आणि मशीन खुशाल पास म्हणतं. उद्या तो मॉनिटर दुसऱ्या टेबलावर गेला की उघडा पडतो.

यानंतर तारांभोवतीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मेगर मारणं. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधायच्या, त्या आणि अर्थ यांमध्ये ५०० व्होल्ट डीसी. अर्थिंग असलेल्या उपकरणाला किमान १ मेगाओहम हवा. चौकटीत चौकट असं चिन्ह असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाला, बॉडीला फॉइल किंवा टोक लावून, किमान २. एसएमपीएसचा मागचा काळा स्विच चालू ठेवूनच मोजायचं, नाहीतर मोजमाप फक्त स्विचपर्यंतच्या तारेचं होतं. स्पाइक गार्डवर मात्र ५०० व्होल्ट फसवतात: आत अर्थला जोडलेली २७५ व्होल्टची एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग) ४३० व्होल्ट डीसीच्या आसपास वाहू लागते, आणि चांगलं उपकरण नापास दिसतं. तिथे २५० व्होल्टवर मोजा, किंवा मेगर सोडून उपकरण चालू करून गळती मोजा. फोटोकॉपी मशीन, मोठे प्रिंटर यांना बटण दाबल्यावर आतला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लागतो. मेगर रिलेच्या पुढे पोचतच नाही, तेव्हा गळतीचीच चाचणी खरी. ३.५ मिलिअँपिअरच्या आत, आणि दुहेरी इन्सुलेशनला ०.२५ च्या आत.

लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवरून वाद होतात. पिन तीन खांबांची, वर चिन्ह मात्र दुहेरी इन्सुलेशनचं. तिथे तिसरा खांब बहुधा गोंगाट कमी करण्यापुरता असतो. टोकाच्या गोल पिनेच्या बाहेरच्या कड्यापर्यंत मोजलं तर कधी शून्य ओहम येतं, कधी हजार, कधी काहीच नाही. तिन्ही बरोबर असू शकतात, तेव्हा त्यावरून नापास करू नये. त्याऐवजी अ‍ॅडॅप्टरवर मानक संस्थेचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. कॉम्प्युटर-सामानासाठी नोंदणीची सक्ती २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. क्रमांकच नसलेला अ‍ॅडॅप्टर चांगल्या मोजमापांसह समोर आला तरी मी तो परत पाठवावा असंच म्हणेन. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये किती अंतर सोडलंय ते कुठलंच मशीन बाहेरून सांगत नाही.

यूपीएसची पिन भिंतीतून काढली म्हणजे तो मेला असं नव्हे. पुढची सॉकेटं जिवंतच असतात आणि वर भिंतीची अर्थ गेलेली असते, म्हणजे त्याच्यावरचे सगळे कॉम्प्युटर एकदम तरंगायला लागतात. अर्थ न काढता तपासायचं तर पिन सॉकेटातच ठेवून स्विच बंद करा. ऑफिसातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. सोलापूरच्या उन्हात ती कंपनीने सांगितलेलं आयुष्य क्वचितच पुरं करते. डबी फुगून झाकण उचललं गेलं असेल तर ताबडतोब बाहेर. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, हे सांगून सांगून सगळे थकलेत.

कारखान्यातल्या ऑफिसांचं थोडं वेगळं. यंत्रमागाच्या, टॉवेलच्या शेडला लागून असलेल्या केबिनमध्ये कापसाच्या तंतूंची बारीक धूळ हवेत असतेच. ती एसएमपीएसच्या पंख्यात, एक्स्टेंशन बोर्डाच्या रिकाम्या भोकांत, टेबलाखाली गादीसारखी साचते. उन्हाळ्यात कोरडी असते तोवर ती फक्त पेट घ्यायला तयार असते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हवेतला दमटपणा तिच्यात शिरतो आणि तीच थोडी-थोडी वीज वाहून न्यायला लागते. दोन पट्ट्यांमधल्या प्लास्टिकवर काळी रेघ उमटते, आणि एकदा उमटली की ती रेघच तार होते. जूनमध्ये आरसीसीबी "उगाच" पडायला लागण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ब्लोअरने हवा मारायची तर कॉम्प्युटर शेडच्या बाहेर नेऊन, पिन काढून, पंखा बोटाने अडवून. आणि बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला उभा ठोकायचा.

किती वेळा तपासायचं? ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शनातही दरवर्षीची सक्ती नाही. एका जागी बसलेल्या ऑफिस कॉम्प्युटरला यंत्रावरची तपासणी पाच वर्षांपर्यंत लांबवली तरी ते चालवून घेतात, किटलीसारख्या हातातल्या वस्तूला मात्र वर्ष-दोन वर्षं. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० चे होते, आता २०२३ चे नवे आहेत. त्यांचा भर वायरिंग, अर्थिंग आणि गळती-संरक्षणावर आहे. सोलापूरपुरतं विचाराल तर मी कॅलेंडर ऋतूंना बांधेन. सॉकेटची अर्थ मे महिन्यात मोजायची, जमीन सगळ्यांत कोरडी असताना. तेव्हा पास झाली तर वर्षभर पास. वायरी, पिना, बोर्ड आणि धूळ रोहिणी संपायच्या आत. मेगर आणि २५ अँपिअरची चाचणी कॉम्प्युटरला दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, पण एक्स्टेंशन बोर्ड, चहाची किटली आणि खुर्चीच्या चाकाखाली येणारी प्रत्येक कॉर्ड दरवर्षी. नोंद वहीत ठेवा: उपकरण क्रमांक, अर्थचा आकडा, मेगरचा आकडा, गळती, तारीख. नुसतं "ओके" लिहिलेली वही पुढच्या वर्षी उपयोगाची नसते, ०.०८ चा ०.१३ झाला हे आकड्यातूनच कळतं. कॉर्डलाही स्वतंत्र क्रमांक द्या, कारण त्या टेबलं बदलत फिरतात.

आणि नापास झालेली कॉर्ड ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मार्चअखेरीच्या गडबडीत कुणाला तरी कॉर्ड कमी पडते आणि तीच बाहेर निघते. पक्कड घेऊन तिचे दोन तुकडे करा, पण मधोमध कापून पिनेचा तुकडा तसाच टाकू नका. उघड्या तारांची पिन कुणी पोराने सॉकेटात घातली तर काय होईल ते सांगायला नको. पिनेच्या अगदी मुळाशी कापा, एक खांब वाकवून टाका, आणि मग भंगारात.